घोडा पाणी पीत नाही: वेस्टर्न भयरॉकचं एक गाणं, घरच्या घरी

वेस्टर्न भयरॉक म्हणजे काउबॉयच्या माळावरची भुताची गोष्ट रॉकच्या वाद्यांवर सांगणं. पहिल्यांदा असं गाणं केलं तेव्हा मी त्यात सगळं कोंबलं होतं. लांडग्याचं हूऽऽ, विजांचा कडकडाट, शेवटपर्यंत पिळलेलं डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) आणि घसा खरवडून काढलेला आवाज. आमच्या ड्रमरने हेडफोन उतरवले आणि म्हणाला, "जत्रेतला भुताचा बंगला झालाय रे. तिकीट किती?"

लागलं, पण खरं होतं. नंतर या प्रकारातली जुनी गाणी पुन्हा ऐकत बसलो तेव्हा चूक कळली. या संगीतात घाबरलेलं कुणीच नसतं. सांगणारा माणूस कालच्या बाजारभावाबद्दल बोलावं तसा भुताबद्दल बोलतो, आणि घाबरायचं काम ऐकणाऱ्यावर सोडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

लागणारं सामान: एक इलेक्ट्रिक गिटार, दोन चॅनलचा साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार आणि माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एक माइक, कुठलंही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि मोबाईल. ॲम्प नसेल तर सॉफ्टवेअरमधला चालतो.

आधी कान तयार करा

एक संध्याकाळ फक्त ऐकण्यात घालवा. सुरुवात 'गोस्ट रायडर्स इन द स्काय'पासून. स्टॅन जोन्सने हे गाणं १९४८ साली लिहिलं, तेव्हा तो डेथ व्हॅलीत पार्क रेंजरची नोकरी करत होता. पुढच्याच वर्षी व्हॉन मन्रोच्या आवाजात ते अमेरिकाभर वाजलं. लाल डोळ्यांची, पोलादी खुरांची गुरं आभाळातून धावताहेत आणि त्यांच्यामागे मेलेले स्वार. एवढं भयानक दृश्य, पण चाल कशी? शांतपणे दौडत जाणारी. नंतर अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशची १९७९ची आवृत्ती ऐका.

मग 'लाँग ब्लॅक व्हेइल', लेफ्टी फ्रिझेल, १९५९. गाणारा माणूस फासावर गेलेला आहे, हे ऐकता ऐकता लक्षात येतं. तो रडत नाही, ओरडत नाही. मला या प्रकारातलं हे सगळ्यात भीतिदायक गाणं वाटतं, आणि त्यात एकही भुताळी आवाज नाही.

रॉकची बाजू इथून पुढे. गिटारवादक लिंक रेचं 'रम्बल' (१९५८) हे नुसतं वाद्यसंगीत. स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडून त्याने तो फाटका आवाज मिळवला होता. एक शब्दही नसलेली ही धून पोरांना मारामारीला चिथावेल म्हणून काही रेडिओ केंद्रांनी वाजवायची बंद केली! त्यानंतर हे बँड: द क्रॅम्प्स, लॉस एंजेलिसचा द गन क्लब (त्यांचा १९८१चा पहिला अल्बम), डेन्व्हरचा सिक्स्टीन हॉर्सपॉवर, आणि ज्यांनी वेस्टर्न आणि भयाचा मेळ उघड उघड घातला तो टेक्सासमधल्या डॅलसचा घूलटाउन. इंग्लंडच्या फील्ड्स ऑफ द नेफिलिमकडे नंतर येतो.

सिनेमाच्या बाजूने वेस्टर्नपटांचा इटालियन संगीतकार एन्यो मोरिकोनेला पर्याय नाही. पण 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) पाहाल तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं मुद्दाम ऐका. तिथे संगीत जवळजवळ नाहीच. कुरकुरणारी पवनचक्की, टोपीवर ठिबकणारं पाणी, एक माशी. तिघे जण कुणाला तरी मारायला स्टेशनवर थांबलेत, एवढंच आपल्याला समजतं.

गोष्ट: कोण सांगतोय हे पहिलं ठरवा

कॉर्ड नंतर. आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: सांगणारा कोण आहे, तो रोज काय काम करतो, आणि तो काय लपवतोय. तिसऱ्याचं उत्तर गाण्याच्या शेवटच्या दोन ओळींत येईल, त्याआधी नाही.

माझ्या गाण्याचं उदाहरण देतो. पश्चिम टेक्सासमध्ये १८८१च्या सुमारास रेल्वे पोचली. वाफेच्या इंजिनाला वाटेत वरचेवर पाणी लागायचं, म्हणून ओसाड माळावर ठिकठिकाणी टाक्या उभ्या राहिल्या. अशा एका टाकीचा राखणदार हा माझा निवेदक. त्याचं काम दिवा लावणं, पंप बघणं, इंजिनाला पाणी देणं.

पाण्याच्या टाकीखाली मी दिवा लावून बसतो
रोज रात्री बाराला तो पश्चिमेकडून येतो
घोडा त्याचा तहानलेला, पाणी पीत नाही
मी त्याला विचारत नाही, तो बोलत नाही

आणि चार कडव्यांनंतर, शेवटी:

विहीर मीच खणली होती, खोल बारा हात
नाव त्याचं ठाऊक मला, टोपी त्याची आत

भूत, सावली, रक्त, थरकाप यातला एकही शब्द नाही. पहिल्या मसुद्यात 'थरथर' होता, तो खोडला. राखणदार थरथरला की ऐकणारा सुटतो.

गाणं मराठीत लिहायचं म्हणून काउबॉयला साताऱ्यात आणू नका. त्याला त्याच्या माळावरच राहू द्या, भाषा आपली. आपल्याकडे गोष्ट चालीत सांगायची सवय पोवाड्याने लावलेली आहेच. फक्त पोवाड्यात शाहिराचा आवाज चढत जातो, इथे तो चढता कामा नये. झील धरणारे मात्र जरूर घ्या, ते पुढे उपयोगी पडतील.

विषय शोधताना 'मूलनिवासींचं शापित स्मशान' हा घासून गुळगुळीत झालेला मार्ग टाळा. अपाची, कोमांची ही जिवंत माणसं आहेत, आणि त्यांच्याबाबतीत जे खरोखर घडलं ते कुठल्याही शापापेक्षा वाईट होतं. इतिहासात हवं तेवढं आहे. १८४६-४७च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकलेला डॉनर तांडा, ज्यातल्या काहींनी जगण्यासाठी मेलेल्यांचं मांस खाल्लं. १८८६-८७ची थंडी, जिच्यात मोकळ्या कुरणांवरची गुरं कळपांनी गोठून मेली. कॅलिफोर्नियातलं बोडी, जिथलं सोनं संपलं आणि घरं तशीच उभी राहिली.

टाप

घोडा आला की गिटारवाले सरळ मेटलच्या वेगाने सुटतात. थांबा. घोड्याच्या मधल्या चालीत, ज्याला इंग्रजीत कॅंटर म्हणतात, तीन ठोके ऐकू येतात आणि मग एक क्षण चारही पाय हवेत असतात. ती पोकळी महत्त्वाची.

वाजवायचं असं: एका ठोक्याचे चार समान भाग करा. पहिला, तिसरा आणि चौथा वाजवा, दुसरा रिकामा. तोंडाने म्हणून पाहा: डक् · डग, डक् · डग, डक्. उजव्या हाताचा तळवा ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात ती पट्टी) तारांवर हलका टेकवून तारा दाबलेल्या ठेवा. पहिला ठोका खाली, मग खाली-वर. मेट्रोनोम मिनिटाला १०० ते ११५ ठोक्यांच्या दरम्यान. माझं गाणं १०४वर आहे. १३०च्या पुढे गेलात की घोडा राहत नाही, शर्यत होते.

ड्रमर नसेल तरी अडत नाही. जॉनी कॅशकडेही सुरुवातीला ड्रमर नव्हता. तो गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवून स्नेअर ड्रमसारखी खरखर काढायचा. मी जुन्या वीजबिलाची घडी घातली. पाचव्या-सहाव्या फ्रेटपाशी तारांच्या वरखाली विणून घ्या आणि नुसते दाबलेले स्ट्रोक मारा, कॉर्डचा सूर येऊ देऊ नका. हा वेगळा ट्रॅक. बास गिटारला ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा सरकवा, म्हणजे आवाज लांबत नाही आणि जुन्या उभ्या डबल बाससारखा ठस्स येतो. बासने मूळ सूर आणि पंचम एवढंच वाजवावं.

सूर: कोमल रिषभ फक्त एकदा

माझ्या कडव्याच्या कॉर्ड: ई मायनर, ई मायनर, सी, जी, शेवटच्या ओळीला ए मायनर, एफ, ई मायनर. ई हा षड्ज धरला तर पहिल्या तीन ओळी आसावरी थाटात बसतात. शेवटच्या ओळीतला एफ मेजर आला की शुद्ध रिषभाचा कोमल होतो आणि जमीन किंचित तिरपी झाल्यासारखी वाटते.

इथे आपल्या लोकांना एक धोका आहे. कोमल रिषभ सापडला की बोटं तिथे रेंगाळतात, मींड येते, आणि दोन मिनिटांत टेक्सासची भैरवी होते. मी स्वतः अख्खा सोलो असा घालवलाय. उपाय एकच, तो सूर कडव्यात एकदा, सरळ, बिनमींडीचा.

मुख्य धून दोन-तीन सुरांची ठेवा. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची (१९६६) ओळख म्हणजे मुळात दोन सुरांची कोल्हेकुई. मोरिकोनेने तीच तीन पात्रांसाठी तीन आवाजांत वाटली: बासरी, ओकारिना आणि माणसांचे आवाज. माझ्या गाण्यात पंचम आणि वरचा षड्ज, बस्स. घोडेस्वार येतो तेव्हा शिटीवर, आणि शेवटी तीच गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर.

गिटारचा आवाज आणि गच्चीवरची टाकी

सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा आवाज टिपणारं चुंबक) गिटार असेल तर उत्तम. ब्रिजजवळचा पिकअप, टोनची खुंटी साधारण चारवर, पिक ब्रिजच्या जवळ. धून बारीक तारांवर न वाजवता जाड तारांवर वाजवा. अमेरिकन गिटारवादक ड्युएन एडीने १९५८मध्ये याच एका युक्तीवर नाव काढलं.

इफेक्टचा क्रम: ट्रेमोलो, मग स्लॅपबॅक (एकदाच येणारा झटपट प्रतिध्वनी), शेवटी स्प्रिंग रिव्हर्ब (आवाज घुमवणं). ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं, सूर हलणं नव्हे. फेंडर कंपनीने ॲम्पवर ट्रेमोलोला 'व्हायब्रेटो' लिहिलं आणि गिटारच्या सूर हलवणाऱ्या दांडीला 'ट्रेमोलो', तेव्हापासून सगळ्यांचाच घोळ आहे. १०४च्या लयीला ट्रेमोलोचा वेग सेकंदाला साडेतीनच्या आसपास येतो. तो लयीत बसवा, आवाजाची चढउतार (डेप्थ) निम्मी. स्लॅपबॅक १२० मिलिसेकंद, एकच पुनरावृत्ती. गिटारला ती दांडी असेल तर सूर छेडल्यावर ती हलकेच दाबून सोडा, अर्धा सूर खाली जाऊन परत येईल. प्रत्येक सुरावर नाही. ओळीच्या शेवटी.

एडीच्या त्या रेकॉर्डिंगमागे एक पाण्याची टाकी होती. फिनिक्सच्या स्टुडिओत इको चेंबर, म्हणजे आवाज घुमवायची खोली, नव्हती, म्हणून निर्माता ली हेझलवूडने दोन हजार गॅलनची, म्हणजे सुमारे साडेसात हजार लिटरची टाकी आणवली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. हे वाचलं तेव्हा मी गच्चीकडे पाहिलं. आमच्या इमारतीच्या टाक्या सहा महिन्यांनी धुतात. धुवायच्या आदल्या दिवशी हजार लिटरची काळी टाकी रिकामी मिळाली.

करायचं असं. गिटारचा कोरडा, म्हणजे रिव्हर्ब नसलेला, ट्रॅक मोबाईलवर घ्या आणि सुरुवातीला दोन टाळ्या ध्वनिमुद्रित करून जोडा. बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर कापडी पिशवीत घालून दोरीने तळाशी सोडा. विजेची वायर टाकीत न्यायची नाही, आणि स्वतः आत उतरायचं तर नाहीच नाही. दुसरा मोबाईल तोंडाशी दोरीला लटकवून त्यावर रेकॉर्ड करा, झाकण अर्धं ओढून घ्या. ब्लूटूथमुळे आवाज उशिरा पोचतो. त्या दोन टाळ्या मूळ ट्रॅकवरच्या टाळ्यांशी जुळवल्या की काम झालं. मग हा टाकीचा ट्रॅक मूळ गिटारच्या खाली, अगदी हळू मिसळा. माझ्या टेकमध्ये तिसऱ्या कडव्यात एक कबुतर आलंय. ठेवलं. राखणदाराच्या टाकीवर कबुतर असणारच.

डिस्टॉर्शन कुठे? फक्त चौथ्या कडव्यानंतर, आठ बार (एक बार म्हणजे चार ठोके). तोपर्यंत ऐकणाऱ्याला ते विसरायला लावलेलं असतं, म्हणून अंगावर येतं.

ट्रम्पेट, शिटी, घंटा

१८३६मध्ये टेक्सासमधल्या अलामोच्या वेढ्यात मेक्सिकन सैन्याने 'देग्वेयो' वाजवल्याचं सांगतात. स्पॅनिशमधल्या गळा चिरण्याच्या क्रियापदावरून आलेला शब्द. अर्थ, कुणाला जिवंत सोडणार नाही. संगीतकार दिमित्री टिओमकिनने 'रिओ ब्राव्हो' या सिनेमासाठी (१९५९) त्या नावाची संथ ट्रम्पेटची धून केली आणि दिग्दर्शक सर्जिओ लिओनेला आपल्या पहिल्या वेस्टर्नमध्ये नेमकं तसं काहीतरी हवं होतं. त्या सिनेमाचं संगीत मोरिकोनेचं, आणि त्यातल्या ट्रम्पेटमागे मिकेले लाचेरेन्झा हा वादक होता.

ट्रम्पेटवाला तुम्हाला लग्नाच्या बँडमध्ये मिळेल, गोव्यात तर सहज. हात तयार असतो, पण सवय सिनेमाच्या गाण्यांची. प्रत्येक सूर लडिवाळ हलवतील. "काका, सनई नको, बिगूल" असं मी म्हटलं आणि दुसऱ्या टेकला सरळ, लांब, न थरथरणारा सूर मिळाला. लग्नसराई सोडून बोलवा, आणि मानधन आधी ठरवा.

हार्मोनिका वापरणार असाल तर ई मायनरसाठी जी मेजरची घ्या आणि त्यावर धून वाजवू नका, एकच सूर श्वासासारखा हळूहळू मोठा-लहान करा. 'शोले'तला (१९७५) भानू गुप्तांचा हार्मोनिका आपल्या कानात इतका मुरलाय की दोन सूर जास्त झाले तरी ऐकणारा रामगढला जाऊन पोचतो.

घंटेची अडचण वेगळी. देवळातली घंटा वाजवली की मराठी कानाला आरती ऐकू येते, भीती जाते. मला उत्तर मिळालं आमच्या गावच्या शाळेत. तिथे तासाची घंटा म्हणजे टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा आणि एक लोखंडी गज. शिपाईमामांना विचारून रविवारी मोबाईलवर दहा टोले घेतले, सॉफ्टवेअरमध्ये पाच सूर खाली उतरवले. रेल्वेच्या गाण्याला रुळाचीच घंटा. चाबकाचा आवाज हवा असेल तर चामडी पट्टा दुहेरी धरा, दोन्ही हात जवळ आणून झटक्यात ओढा.

गायचं कसं

बसून गा. माइकपासून चार-पाच बोटं अंतर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), रात्रीची वेळ. शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय अशा बेताने आवाज ठेवा. आमच्याकडे खरंच झोपलेलं असतं. वाक्याच्या शेवटी आवाज पडू द्या.

झीलकरी शेवटच्या कडव्यात आणा. शब्द नाहीत, नुसता 'ओ'. एक खालच्या सप्तकात, एक बाई वरच्या सप्तकात, माइकपासून सहा-सात फूट लांब उभे. मोरिकोनेकडे गायिका एड्डा देल'ऑर्सो नुसत्या स्वरांवर जे करायची ते आपल्याला जमणार नाही, पण दिशा तीच.

मिक्स

नवशिके सगळ्यात आधी गळ्यावर रिव्हर्ब ओततात. इथे उलट करा. निवेदकाचा आवाज कोरडा, अगदी कानाशी. गिटार, ट्रम्पेट, घंटा ओल्या आणि लांब. माणूस तुमच्या शेजारी बसलाय आणि बाकी सगळं मैलभर पलीकडे, असं अंतर त्यातून तयार होतं. माळ ऐकू येतो तो त्या अंतरातच.

रिव्हर्बला ५० मिलिसेकंद प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीची पोकळी) द्या आणि त्याच्यातला २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, नाहीतर बास आणि टाप चिखलात रुततात. बास, टाप, गळा मध्यभागी. धूनवाली गिटार एका बाजूला, तिची टाकीतली सावली दुसऱ्या बाजूला. 'विहीर मीच खणली होती' या ओळीआधी एक पूर्ण बार सगळं बंद करा. कागदाची खरखरसुद्धा. पहिल्यांदा ऐकताना तिथे काहीतरी तुटल्यासारखं वाटतं आणि भरून टाकायचा मोह होतो. दोन दिवस हात लावू नका.

एकदा मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. तिथे शब्द कळले नाहीत तर गिटार कमी करा, गळा वाढवू नका.

स्टेजवर जाणार असाल तर

फील्ड्स ऑफ द नेफिलिमचे लोक लांब कोट, काउबॉय टोप्या घालून अंगावर पीठ उडवायचे. प्रकाशात ते मैलोन्मैल धूळ खात आल्यासारखे दिसत. त्यांच्या 'डॉनरेझर' (१९८७) या पहिल्या अल्बमची सुरुवातही मोरिकोनेच्या हार्मोनिकाच्या धूनेने होते. मी मे महिन्यात, पंखा नसलेल्या एका हॉलमध्ये हा प्रयोग करून पाहिला. तिसऱ्या गाण्यापर्यंत कॉलरपाशी कणीक मळली गेली होती. इकडच्या हवेत टॅल्कम पावडर घ्या, आणि ती कोटावर, गिटारच्या पिकअपवर नव्हे.

शेवटचा आवाज

गाणं हळूहळू विरत नेऊ नका. शेवटच्या ई मायनरनंतर आठ सेकंद पवनचक्कीची कुरकुर, आणि मग एकदम कट. टेक्सासची पवनचक्की माझ्याकडे कुठली असणार. आमच्या मागच्या दाराची बिजागरी आहे. पावसाळ्यात फुगलेलं दार अगदी सावकाश ढकललं की ती नेमकी तशीच बोलते. मोबाईल बिजागरीपासून एका वितीवर धरायचा. आई वर्षभर म्हणतेय, तेल घाल. दुसरं गाणं होईपर्यंत घालणार नाही.